पाऊस राहिला, ओळी गेल्या

पुणे,
१० जून २०२५

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही सहज म्हणालात, "यंदा नरसाळं लावलंच नाही. वाकवत नाही आता." आणि लगेच माझ्या खोकल्याची चौकशी करायला लागलात. मीही मध आणि सुंठ घेतेय वगैरे सांगत बसले. फोन ठेवल्यावर मात्र कशात लक्ष लागेना. पाऊस यंदा तुमच्या १ जूनची वाट न बघताच आला. २४ मे ला केरळात, २६ ला मुंबईत. आला तसा अडकूनही बसला. अशा वर्षाची नोंद आपल्या अंगणात नाही, हे सदतीस वर्षांत पहिल्यांदाच.

नरसाळं लावून पाऊस मोजणं तुम्ही का सुरू केलंत, हे आईने मला खूप उशिरा सांगितलं. १९८७ च्या दुष्काळात जो तो म्हणायचा, पाऊस झाला नाही. किती झाला नाही, हे कोणालाच सांगता येईना आणि त्याचा तुम्हाला राग यायचा. पुढच्या जूनला तुम्ही अंगणाच्या मधोमध, घरापासून आणि जांभळीपासून लांब, खड्डा खणलात आणि तेलाचा दहा लिटरचा कॅन अर्धा पुरून वर नरसाळं बसवलंत. ताई तेव्हा तीन वर्षांची होती, मी पाच महिन्यांची. नरसाळ्याचं तोंड जमिनीपासून बरोबर एक फूट. याहून खाली असलं तर चिखलाचे शिंतोडे आत जातात, वर असलं तर वारा थेंब उडवून नेतो. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

सोळा सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, म्हणून वीस मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून बाद झालेलं, काठाचा टवका उडालेलं ते काचेचं मोजपात्र पाचशेचं होतं. ते एकदा भरलं की पंचवीस मिलिमीटर. सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळा मोजते त्याच वेळेला, तुम्ही कॅन उचलून पायरीवर आणायचात आणि आम्ही दोघी मांडी घालून समोर. एक मोजपात्र भरून ओतलं की एक चिंचोका ताईच्या पुढ्यात, दुसरं ओतलं की माझ्या. मुसळधार पाऊस झालेल्या रात्रीनंतर सात-आठ चिंचोके जमायचे. मग तुम्ही कानावरची पेन्सिल काढून तिथेच, ओल्या हाताने, वहीत आकडा टिपायचात. शेवटचं ओतलेलं पाणी अळवाच्या पानांवर जायचं. ते गोळा होऊन पानावरून घरंगळताना बघायला आम्ही भांडायचो.

पण बाबा, तुम्ही आकड्यावर थांबला नाहीत. संध्याकाळी पडवीत बसून त्याच ओळीत पुढे शाईच्या पेनाने लिहायचात. आता माझ्याकडे सगळ्या वह्यांचे फोटो आहेत, त्यातलं थोडं उतरवते, कारण तुम्हाला बहुतेक आठवतही नसेल.

"१९ जून १९९१. ४८. थोरली दप्तर डोक्यावर धरून भिजत आली. छत्री दप्तरात होती."

"७ जुलै १९९३. ९६. धाकटीचा पहिला दात पडला. कौलावर टाकला. पागोळीबरोबर खाली आला, पुन्हा टाकला."

"२ ऑगस्ट १९९८. ३१. पेटीची काळी दोन ओलीने अडकली. उघडून पुसली. मुलींनी सगळे सूर सुटे करून बघितले."

आणि तुम्ही नसायचात त्या दिवशी आईचं गोल अक्षर: "हे रत्नागिरीस गेले. मोजला नाही. पुष्कळ पडला. मुली भिजल्या, सुंठ दिली." आई, तू 'पुष्कळ' लिहिलंस त्या दिवसाच्या पुढे बाबांनी नंतर पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह केलंय. ते दिसलं आणि मला तुमची दोघांची त्या रात्रीची बोलाचाली ऐकू आली.

आजी गेली त्या दिवसाचं पान मी बराच वेळ उलटू शकले नाही. "१२ ऑगस्ट २००१. ४१. पहाटे आई गेली. मोजायला उशीर, १०.१५ ला मोजला." एवढंच आहे. त्या दिवशी घरभर माणसं होती आणि तुम्ही मधेच अंगणात गेलात, तेव्हा कोणीतरी कुजबुजलं होतं की यांना आत्ता हे सुचतंय. मी तेरा वर्षांची होते, मलाही वाईट वाटलं होतं. आज ती वेळ वाचते, सव्वादहा, आणि तुम्ही स्वतःला कसं सावरलं असेल ते कळतं.

आणखी एक. माझा वाढदिवस जानेवारीतला. सहावी-सातवीत मी रुसून विचारलं होतं की ताईचा वाढदिवस दरवर्षी वहीत असतो, माझा का नाही? तुम्ही म्हणालात, जानेवारीत पाऊस नसतो बाळा, वही बंद असते. पुढच्या डिसेंबरात तुम्ही पुण्याहून तो इंग्रजी यू आकाराचा, आत लोखंडाच्या इवल्या काड्या असलेला तापमापी आणलात. दिवसातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान दाखवणारा, काड्या रोज लोहचुंबकाने खाली ओढायचा. तेव्हापासून वही बारा महिने सुरू झाली. तुम्हाला थंडी मोजायचा नाद लागला असं मी कित्येक वर्षं समजत होते. आता शिवाजीनगरला सिमला ऑफिसवरून जाते तेव्हा तुम्ही आम्हा दोघींना फाटकाबाहेर उभं करून ती इमारत दाखवली होती ते आठवतं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून हे नाव, असं सांगितलं होतंत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. इतकी वर्षं ते माझ्या तोंडून निघालं नाही.

२००५ च्या पुरात आपल्या चिपळूणच्या लोटिस्मा वाचनालयाची पुस्तकं भिजली, तेव्हापासून तुम्ही वह्या माळ्यावर ठेवायला लागलात. २०२० च्या दिवाळीत मी माझ्या मुलीला दाखवायला १९९४, ९५ आणि ९६ च्या वह्या खाली काढल्या आणि परत चढवायचा कंटाळा करून कपाटाच्या तळच्या कप्प्यात सारल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा माळ्यावरच्या सगळ्या वाचल्या. त्या तीनच बुडाल्या. कॅन वाहून गेला, नरसाळं जांभळीच्या फांदीत सापडलं. तुम्ही चिखल उपसता उपसता त्या वह्यांची पानं वर्तमानपत्रात घालून पंख्याखाली वाळवलीत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. आई, तूही नाही. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, असं तू म्हणतेस ना? मी बघितलं, २००५ चा पूर काय आणि २०२१ चा काय, दोन्ही म्हाताऱ्या पावसातले. एवढंच तू म्हणाली होतीस, "म्हाताऱ्याने नेलं."

त्या तीन वह्या मी गेल्या महिन्यात पानागणिक बघितल्या. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे तारखा आणि आकडे जवळजवळ सगळे जागेवर आहेत. शाई मात्र विरघळली. प्रत्येक आकड्यापुढे नुसता निळसर ढग आहे. त्या तीन वर्षांत मी शाळेत जायला लागले, ताईला टायफॉइड झाला, आपण घर शाकारलं, आणि कागदावर त्यातलं काही नाही. किती पाऊस पडला ते मात्र मिलिमीटरपर्यंत आहे.

म्हणून या पाकिटात त्या पानांच्या झेरॉक्स घातल्यात, मोठ्या करून, आकड्याशेजारी भरपूर जागा ठेवून. दोघांनी मिळून, जे आठवेल ते, आठवेल तसं लिहा. सगळं भरायला हवं असं अजिबात नाही. चुकलं तरी चालेल. उदाहरणार्थ, १४ जुलै १९९४ ला २१२ आहे. आठ चिंचोके आणि वर २४० मिलिलिटर. एवढा पाऊस झाला तर त्या दिवशी शाळा नसणार, आपण सगळे घरात असणार. काय केलं आपण? आई, तू कुळथाचं पिठलं केलं होतंस का? दिवे गेले होते का? बाबांनी पेटी काढली होती का? मला पुसट आठवतं की कोणीतरी कंदील पुसत होतं आणि काचेवर राखेचा वास होता, पण तो दिवस हाच का ते मला सांगता येत नाही.

आणि बाबा, यंदाचं नरसाळं. स्टूलावर ठेवा असं मी सुचवणार नाही, वाऱ्याने माप कमी भरेल आणि ते तुम्हाला चालायचं नाही. पाच-सहा लिटर पाणी भरलेला कॅन खड्ड्यातून उचलू नका हेही खरंच. पावसाचा आकडा मला वेधशाळेकडून मिळेल. तुमची ओळ मला दुसरीकडे कुठे मिळेल? आकड्याची जागा कोरी सोडा, पण ओळ लिहीत राहा. हात थरथरतो म्हणालात, तर तुम्ही सांगा आणि आईला लिहू दे. आई, तू 'पुष्कळ पडला' असं बिनधास्त लिही, या वर्षी प्रश्नचिन्ह करायचं नाही अशी बाबांना माझी विनंती आहे.

पाकिटात चार पेन्सिली आणि शार्पनरही आहे. ओळीसुद्धा आता पेन्सिलनेच लिहा. वही नवी पाठवत नाही, तुम्ही मे महिन्यातच आणून ठेवली असणार.

ताई २१ तारखेला येतेय, भरलेली पानं तिच्याकडे द्या. नसतील भरली तर तिला शेजारी बसवून भरा, टायफॉइडचं तिला सगळं आठवतं. मी आषाढीच्या सुमारास चार दिवस येईन. तोपर्यंत आई, गुडघ्याला तेल लावत जा, आणि बाबा, चौदा जुलैचं आधी लिहा.

तुमची,
धाकटी