अझ्नावूर आधी नट, मग गायक

रविवारच्या पुरवणीतील फ्रेंच गायक-नट शार्ल अझ्नावूर यांच्यावरील लेख आवडला. मात्र त्यांचा अभिनय हा गायनाचा जोडधंदा होता, हे त्यातील विधान पटले नाही. आर्मेनियन निर्वासितांच्या पोटी 1924 मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेला हा मुलगा रंगमंचावर आला तो बालनट म्हणून, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी. गायक म्हणून कीर्ती मिळायला पुढे वीसेक वर्षे जावी लागली. 1960 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रूफो यांच्या चित्रपटात त्यांनी साकारलेला अबोल, बुजरा पियानोवादक गायकीच्या पुण्याईवर उभा नाही. तिथे बोलतात ते त्यांचे डोळे. आणि त्यांच्या गाण्यातून तरी नट वेगळा कसा काढणार? ‘ला बोएम’ हे गरीब चित्रकाराचे गाणे गाताना ते हातात पांढरा रुमाल घेत, रंगाने माखलेली बोटे पुसावीत तसे त्यावर हात पुसत आणि शेवटी तो जमिनीवर टाकून देत. ध्वनिमुद्रिकेत हे कुठून दिसणार? लेखकाने त्यांच्या मैफलींची चित्रणे जरूर पाहावीत. लेखात त्रूफोंच्या चित्रपटाला मिळालेली एक ओळ फारच अपुरी वाटली.

– एक वाचक, पुणे