पारव्याची अंडी

कोथरूड, पुणे

प्रिय नंदे,

सात महिने पत्र नाही, रागावली असशील. इकडे सगळं ठीक. माझी शुगर ताब्यात, ह्यांचा गुडघा होता तसाच. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

नंदे, काल मी पारव्याची अंडी काढली. माझ्या हातांनी.

आमच्या ड्राय बाल्कनीत एसीच्या मागे जोडीने संसार मांडला होता. घरटं कसलं, खराट्याच्या आठ-दहा काड्या आणि वायरचा एक तुकडा. मुळात कड्याकपारीतला पक्षी, त्याला बिल्डिंगचा प्रत्येक सज्जा कडाच वाटतो. पहिल्या खेपेला मी हात लावला नाही. साधारण अठरा दिवस दोघं पाळीने बसली, दिवसा नर, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी. (तुझ्या भावाला सांग, पारव्यालाही जमतं!) पिल्लं पिवळ्या केसांची, भल्यामोठ्या चोचीची. आईबाप दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार झालेलं दूध त्यांना भरवायचे. महिनाभर आम्ही तिकडे कपडेसुद्धा वाळत घातले नाहीत. म्हटलं, उडाली की जाळी लावू. तर ती उडायच्या आतच पलीकडच्या कोपऱ्यात पुन्हा दोन अंडी!

तेवढ्यात सासूबाईंचा खोकला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कबुतरं येतात का?" वाळलेल्या शिटेची नि पिसांची धूळ श्वासातून जाते आणि काहींच्या फुप्फुसांना सूज येते. चालूच राहिलं तर फुप्फुसं कडक होतात, मग ती परत पहिल्यासारखी होत नाहीत. आईंना वेळेत कळलंय, पण येणं-जाणं आजच बंद करा म्हणाले.

आम्ही काय कमी केलं होतं? ह्यांच्या जुन्या सीडी टांगल्या, तर कबुतरं त्यात बघून भांग पाडायला लागली. काटे बसवले, त्या काट्यांतच त्यांनी काड्या अडकवल्या. वर गच्चीत एक काका रोज सकाळी ज्वारी टाकतात. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हापासून त्यांचं पुण्य दुप्पट झालंय. मी हात जोडून सांगितलं, तर म्हणाले, मुक्या जिवाचा शाप लागेल. मला लागला गं तो शब्द.

पिल्लं उडून गेली, मग जाळीवाला आला. म्हणाला, "ताई, अंडी मी टाकतो, तुम्ही आत जा." मी नाही म्हटलं. टाकायचीच तर दुसऱ्याच्या हाताने कशाला? मास्क लावला, शीट आधी पाण्याने भिजवली (सुकी झाडायची नसते, धूळ उडते), आणि अंडी उचलली. कोमट होती, नंदे. खाली जास्वंदीपाशी मातीत पुरली. संध्याकाळी मादी आली. जाळीबाहेर एसीवर बसून अंधार पडेपर्यंत मान वळवून वळवून त्याच कोपऱ्याकडे बघत होती. आज पुन्हा आली होती.

आणि मला वाईचा तुमचा वाडा आठवला. माडीच्या वळचणीची अंडी तू काढलीस, तुझ्या आजीला दमा होता म्हणून. मी तुला सगळ्यांदेखत खुनी म्हटलं आणि दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तू एकदाही आजीचं कारण पुढे केलं नाहीस. मला ते तुझ्या आईकडून कळलं, तेही लग्नानंतर. तेव्हाही मी माफी मागितली नाही. आज मागते.

बाकी, चिन्मयची बारावी कशी झाली? घराचं रंगकाम संपलं का? पाठीला पट्टा लावतेस ना? मे महिन्यात ये, आईपण विचारत असतात.

आणि एक सांग. त्या दिवशी तू परसाकडे गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. अंडी कुठे ठेवली होतीस?

तुझी,
मंगल