नकाराच्या मेलला चार ओळींचं उत्तर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

निकाल लागले की आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड भागात मुलाखतींचा हंगाम सुरू होतो. डिप्लोमाची, आयटीआयची मुलंमुली फायली छातीशी धरून कारखान्यांच्या गेटवर उभी दिसतात. जागा मोजक्या असतात, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला नकारच येतो. त्या नकारानंतर काय करायचं, हे त्यांना कॉलेजात कोणी सांगत नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. टेबलाच्या त्या बाजूला काय घडतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

परवा ओळखीतली एक मुलगी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. मेकॅनिकल डिप्लोमा, राहणार सिन्नर तालुक्यात. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी तिची मुलाखत झाली होती. हातात मायक्रोमीटर देऊन पिन मोजायला लावली, ती तिने बरोबर मोजली. ड्रॉइंग वाचताना मात्र दोन ठिकाणी अडली. नंतर दोन ओळींचा मेल आला: या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिने उत्तर टाइप करून ठेवलं होतं. ‘माणूस आधीच ठरलेला होता तर आम्हाला एसटीचं भाडं खर्चून कशाला बोलावलंत?’ अशी त्याची सुरुवात होती आणि पुढे शब्द आणखी चढत गेले होते. ‘काकू, बरोबर आहे ना?’

तिचा राग खरा होता. दिवस मोडून, उसनवारीने बूट घेऊन गेलेल्या पोरीला राग येणारच. पण तो मेल मी तिला पाठवू दिला नाही, आणि त्याचं कारण भिडेचं नव्हे, व्यवहाराचं आहे.

मुलाखत झाली की प्रत्येकाच्या कागदावर शेरा पडतो: सिलेक्ट, होल्ड किंवा रिजेक्ट. ‘होल्ड’वाल्यांनाही पुष्कळदा नकाराचाच मेल जातो, कारण त्यांना आशेवर ठेवणं कंपनीला अवघड वाटतं. मग निवडलेला उमेदवार ऑफर लेटर जुन्या कंपनीत दाखवून तिथेच पगार वाढवून घेतो. कधी नोटीस पिरियड संपत नाही, कधी मेडिकलमध्ये अडतं, कधी जॉइनिंगच्या सकाळी फोनच बंद लागतो. असं वर्षातून अनेकदा घडतं. तेव्हा आम्ही तीच फाइल पुन्हा उघडायचो. लाइन थांबलेली असते, नव्याने जाहिरात द्यायला वेळ नसतो. पुढचं नाव बघायचं आणि फोन लावायचा. त्या नावाच्या कागदांमागे शिव्याशापांचा मेल लावलेला असेल, तर बोट आपोआप त्याच्या खालच्या नावाकडे सरकतं. शिवाय नाशिकची कारखानदारी अशी की आज अंबडला असलेला क्वालिटी हेड उद्या सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत भेटतो. माणसं तीच, गेट वेगळं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसलो आणि उत्तर लिहिलं. ते जवळपास असं होतं: ‘निर्णय कळवल्याबद्दल आभार. मुलाखतीत प्रत्यक्ष मोजमाप करायला मिळालं, ते आवडलं. निवड झाली नाही याचं वाईट वाटलं. ड्रॉइंग वाचनात मी कमी पडले असं मला वाटतं. त्यात नेमकं काय पक्कं करावं, हे सांगितलंत तर उपयोग होईल. पुढे अशी जागा निघाल्यास माझा जरूर विचार व्हावा.’ खाली नाव आणि फोन नंबर. संपलं.

यात ‘मला का नाकारलं’ असं विचारलेलं नाही, हे मुलांनी लक्षात घ्यावं. त्या प्रश्नाला कंपनी उत्तर देत नाही, कारण त्यातून वाद उभा राहील अशी भीती असते. ‘काय शिकू’ याला मात्र एखादा भला माणूस उत्तर देतो. ‘कमी पगारात येते’ असंही लिहू नये. स्वतःची किंमत स्वतः पाडली की ती पुढच्या वेळीही तेवढीच राहते. आणखी एक बारीक गोष्ट. नकाराचा मेल कित्येकदा अशा पत्त्यावरून येतो, जिथे आलेलं उत्तर कोणी वाचतच नाही. मुलाखतीला बोलावणारा मेल ज्या व्यक्तीच्या नावाने आला होता, तिला लिहावं. एकदाच लिहावं. उत्तर आलं नाही तर रोज फोन करू नये आणि पॅनेलवरच्या साहेबांना रात्री व्हॉट्सअ‍ॅप तर मुळीच करू नये.

सरकारी भरतीचं वेगळं आहे. तिथे आभाराच्या मेलने काही हलत नाही. गुणवत्ता यादी, प्रतीक्षा यादी नीट बघावी आणि शंका असेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. असा अर्ज करण्यात उद्धटपणा काही नाही.

मुलींसाठी थोडं अधिक लिहिते. ‘लग्न कधी करणार, मग नोकरी सोडणार का’ हा प्रश्न अजून विचारला जातो आणि पुढे नकार येतो. तिथे आभार मानत बसण्याची गरज नाही. भरतीत स्त्री म्हणून भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यातच मनाई केलेली होती. असा प्रश्न कोणी, कोणत्या तारखेला विचारला ते त्याच दिवशी लिहून ठेवावं आणि कंपनीच्या वरिष्ठांना शांत शब्दांत लेखी कळवावं. तिथे संबंध तुटले तर तुटू द्यावेत.

त्या मुलीला ती नोकरी मिळालेली नाही. पण क्वालिटी विभागाच्या साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘जॉमेट्रिक टॉलरन्सची चिन्हं पक्की करा, बाकी मोजमाप चांगलं आहे.’ म्हणजे भागाच्या आकारात किती फरक चालेल हे सांगणारी ड्रॉइंगवरची चिन्हं. सध्या ती संध्याकाळी जुनी ड्रॉइंग्ज घेऊन तेच करते आहे.

जाता जाता कारखानदारांनाही विनंती. मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येकाला, हो किंवा नाही, ठरलेल्या मुदतीत कळवा. महिना महिना फोनची वाट बघत पोरं दुसरीकडची कामं नाकारतात, घरचे रोज विचारतात. नकाराच्या मेलखाली एका माणसाचं नाव आणि उत्तर पोहोचेल असा पत्ता टाका. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांनी सभासदांना एवढं सुचवलं, तरी यंदाच्या हंगामापासूनच हे सुरू होऊ शकेल.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी,
सातपूर, नाशिक