‘यमूचे पुस्तक आले का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांना त्यांचे आवडते लेखक विचारले जातात. पारोळा तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी २६ वर्षे पुस्तकांची देवघेव पाहिली, त्या अनुभवावरून असे सुचवावेसे वाटते, की लेखकांऐवजी नायिका विचारून पाहाव्यात. आमच्या नोंदवहीत लेखकाच्या नावाचा रकाना होता, पण खिडकीशी येणाऱ्या बायका ते नाव क्वचितच घेत. “यमूचे पुस्तक आले का?” असे त्या विचारीत, जणू यमू ही गल्लीतूनच सासरी गेलेली मुलगी आणि तिची खुशाली तेवढी कळायला हवी होती.

ही यमू म्हणजे हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीची नायिका. आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले व त्यातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. त्यातील पांढरपेशी घरे, त्यांचे सोवळेओवळे आमच्या शेतकरी वस्तीला परके, आणि विधवेचे केशवपन तर आमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलेलेही नव्हते. तरीही दिवसभर कापूस वेचून आलेली बाई रात्री यमूसाठी डोळे पुसत असे, कारण यमू आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि अशा सांगण्याला ‘हूं’ म्हणणारे कोणी तरी लागतेच.

ते ‘हूं’ आमच्या प्रतीच्या समासांत उमटलेले होते. पुस्तकात लिहू नये असा नियम भिंतीवर मीच लावला होता. तरी कादंबरीतील दुष्ट शंकरमामंजींच्या एका प्रसंगापाशी कोणी पेन्सिलीने लिहिले होते, “याला आधी चावडीवर उभा करा.” त्याखाली वेगळ्या अक्षरात, “चावडीवरही हेच बसलेले असतात.” आणि त्याच्याही खाली, बहुधा पुष्कळ वर्षांनी, बॉलपेनने “खरे आहे” एवढेच. या तिघी एकमेकींना ओळखत होत्या की नाही, कोण जाणे. खोडरबर टेबलाच्या खणात असूनही मी ते समास पुसले नाहीत.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोके खेळून आमच्या ओट्यावर विसावल्या असताना त्यांच्यातल्या एकीने यमूच्या केशवपनाचा भाग मोठ्याने वाचला. वाचून होताच वाद सुरू झाला. यमूने विरोध करायला हवा होता, असे तरुण मुलींचे म्हणणे, तर कोणाच्या जिवावर करायचा, असा थोरल्यांचा सवाल. आमच्याकडे पाट लावण्याची, म्हणजे विधवेचे पुन्हा लग्न लावण्याची, रीत जुनीच आहे, तेव्हा हे दुःख आपले नव्हे, असेही एकीने ठासून सांगितले. त्यावर कोपऱ्यात बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या एक आजी म्हणाल्या, “पाट लागस, पन बाईले कोन इचारस?” त्यांचा स्वतःचा पाट लागला होता हे साऱ्या गावाला ठाऊक होते, पण त्याविषयी त्यांच्या तोंडून शब्द निघाला तो त्या दिवशी, यमूच्या निमित्ताने. पुढचे दोन तास पुस्तक कोणी उघडले नाही.

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘रथचक्र’ या कादंबरीला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची नायिका कोकणातली, मुलांच्या शिक्षणासाठी घराबाहेर पडणारी, आणि तिला नावच नाही. लेखकाने तिला ‘ती’ म्हणूनच ठेवले आहे. आमच्या वाचकांनी ही उणीव भरून काढली. कोणी तिला मावशीचे नाव दिले, कोणी आईचे, आणि एका शिक्षिकेने पुस्तक परत करताना “माझी आई वाचली” असे सांगून पावती मागितली.

अर्थात यात एक खोट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. नायिका जितकी सोशिक, तितकी ती आमच्याकडे अधिक लाडकी. विभावरी शिरूरकर यांच्या ‘हिंदोळ्यावर’मधील अचला स्वतःच्या सुखाचा विचार करते, म्हणून ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेले जाई आणि त्याचे समास मात्र कोरे राहत. त्या कोऱ्या समासांविषयीही कोणी तरी लिहायला हवे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला, १९५२ नंतर प्रथमच, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा एका दालनात शिरपूरकडची एक बाई आणि रावेरकडची दुसरी, दोघींनी एकदमच यमूच्या पुस्तकाकडे हात नेला. प्रत एकच उरलेली. मग दोघी तिथेच बाजूला उभ्या राहून बोलू लागल्या, आणि विक्रेत्याने दोनदा विचारूनही किती तरी वेळ पुस्तक कोणीच विकत घेतले नाही. शेवटी कोणी घेतले ते मी पाहिले नाही.

आमच्या वाचनालयातील प्रत पाने सुटल्यामुळे निर्लेखनाच्या यादीत गेली. रद्दीत जाण्यापूर्वी समितीच्या परवानगीने, किंमत भरून, मी ती घरी आणली आहे. पुरवणीने नायिकांविषयी पत्रे मागवली, तर त्या समासांतील मजकूर अक्षरांसह उतरवून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
ता. पारोळा, जि. जळगाव