चि. बाय हिस

चि. बाय हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

वाळपईच्या नोंदणी कार्यालयात तुमच्या दोघांच्या लग्नाची नोटीस लागली आहे. पहिली सही झाल्याचं मला तिठ्यावर चहा पिताना कळलं. दादाने त्या रात्री ताट सारलं. मी जेवलो. रागवायला हे लिहीत नाही. एवढंच विचारतो, लग्न पक्कं करणाऱ्या दुसऱ्या सहीला तुझ्या बाजूने कोण उभं राहणार?

मुलगा चांगला आहे. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा त्याच्या बापाचा आणि माझा ट्रक एकाच माळावर उभा राहिला, टायर तिथेच कुजले. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा बँकेची माणसं दोन्ही घरांत आली. कर्जात कुणी वाडा बघितला नाही. लग्न म्हटलं की मात्र देवळातला मान, पालखीचा क्रम, सगळं आठवतं. मला चीड येते. पण नुसत्या चिडीवर संसार होत नाही बाय, तुझं काम कंत्राटी, त्याचंही पक्कं नाही, खोलीचं भाडं, पुढे पोरंबाळं... बघ, परत शिकवायला लागलो. माफ कर. बारावीला तुझा फोटो छापून आला तो पेपर अजून ट्रकच्या कागदांच्या पिशवीत आहे. तुला अक्कल नाही असं मी कसं म्हणेन?

आत्याचं सांगायचं राहिलं. ती तापाने गेली असं तुम्हाला सांगितलं होतं. ती फोंड्याला आहे, नातवंडांत आहे. तिनेही असंच लग्न केलं आणि आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. दर चवथीला आजी नेवऱ्यांचा डबा फडक्यात बांधून माझ्या हाती द्यायची. नाव घ्यायची नाही. "गुळाच्याच घातल्यात," एवढंच. गणपतीवर टांगायच्या माटोळीला कांगलांच्या फळांचे घोस आत्याच बांधायची. तशी गाठ घरात अजून कुणाला जमत नाही. आजोबा गेल्याचं तिला कुणी कळवलंसुद्धा नाही. सहीच्या दिवशी आपल्याकडचं एक माणूस नव्हतं, हे ती आजही बोलते. म्हणून विचारतो, तुझ्या बाजूने कोण?

लग्नाआधी करार केला नाही तर दोघांची मिळकत एकत्र धरतात, तेव्हा वकिलाला विचारून घे. आणि दादाने वाटा सोडल्याचा कागद पुढे केला तर सही करू नकोस. आपल्या गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच. घरावर बोजा आहे, पण घर तुझंही आहे. दादा वाईट नाही, हप्त्यांनी पिचला आहे.

अजून एकदा विचार कर. थांबवत नाही मी, फक्त विचार कर.

तारीख कळव. आत्याला फोन केला, ती येते म्हणाली. मी सकाळच्या कदंब बसने येईन, आणि घरात सगळ्यांना सांगून येईन. आईचं अजून नक्की नाही. तिला तू स्वतः फोन कर, दुपारी, दादा नसताना.

तुझे बाबा