पक्या, पळापळ करायला अंदमानला जाऊ नकोस

प्रिय पक्या,

तुझा तो टूरवाल्याचा प्लॅन बघितला. रोज पहाटे उठा, बॅगा भरा, बोट, बस, पॉइंट, फोटो, परत बोट. अरे लग्नाच्या वाढदिवसाला वहिनींना फिरायला नेतोयस की इलेक्शन ड्युटीला?

आम्ही काय केलं सांगतो. सरळ हॅवलॉकला ठाण मांडलं. कागदावर 2018 पासून ते स्वराज द्वीप झालंय, पण जेटीवरचा रिक्षावाला अजून हॅवलॉकच म्हणतो. विजयनगर बीचला लागून रूम घेतली, साधीच, एसी नावाला, पण पायऱ्या उतरलं की वाळू. ओहोटीला तिथलं पाणी इतकं लांब जातं की पोहायचं म्हटलं तर आधी चालतच बसा, मग आम्ही नुसतेच फिरायचो, ही शंखातले खेकडे बघत आणि मी हिला बघत (हे वहिनींना वाचून दाखवू नकोस, माझी टर उडवतील).

एक गोष्ट मात्र डोक्यात फिट्ट ठेव. घड्याळ आपलंच असलं तरी हे बेट पार म्यानमारच्या खाली आहे, त्यामुळे डिसेंबरात साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य गायब! चारला चहा घेऊ, मग आरामात राधानगर बीचला जाऊ असं केलंस तर तिथे पोचून अंधार बघशील. तीनलाच जा. 2004 साली टाइम मासिकाने त्याला आशियातला बेस्ट बीच म्हटलं होतं म्हणून गर्दी असते, पण गेटपासून उजवीकडे चालत सुटलं की माणसं कमी होत जातात. सात वाजता जेवण आणि नऊला घोरायला सुरुवात, लग्नानंतर आम्ही एवढे कधी झोपलो नव्हतो रे.

जेवण बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना सरकारने इथे वसवलं, गोविंदनगर, श्यामनगर ही नावं त्यातलीच. बाजारातल्या छोट्या खानावळीत भात, मसूरची डाळ आणि मोहरीतला मासा खा. ही पडली मालवणची, रोज मिटक्या मारत खायची आणि रोज म्हणायची, सगळं ठीक आहे पण सोलकढी कुठाय?

एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग कर, पोहता नाही आलं तरी चालतं, गाईड धरून नेतो. शंख-प्रवाळ मात्र उचलू नका, एअरपोर्टला बॅगेतून काढून घेतात.

पोर्ट ब्लेअरला (कागदावर 2024 पासून श्री विजयपुरम) अर्धा दिवस ठेव, सेल्युलर जेल चुकवायचं नाही. सात विंगांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, आणि बाबारावही त्याच जेलमध्ये, तरी भावाभावांची भेट होऊ देत नव्हते. खोलीत उभं राहिल्यावर पुढचं काही बघायची इच्छाच उरत नाही, म्हणून म्हणतो त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस. परतीच्या वेळी केलंस तर आणखी बरं, नाहीतर बीचवरही तेच डोक्यात फिरत राहील.

बोटीची तिकिटं आधी काढ, डिसेंबरात मिळत नाहीत. रोख पैसे जवळ ठेव. नेटवर्क अधूनमधून जातं, ऑफिसला आत्ताच सांगून टाक.

टूरवाल्याला अॅडव्हान्स दिला नसशील तर आज रात्रीच फोन कर, रूमवाल्याचा नंबर देतो. आणि दिला असशील तर वहिनींना फोन दे, मी बोलतो.

तुझाच,
बाळ्या