बाबांच्या थॅलियम टेस्टबद्दल

औसा

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवा बाबांच्या थॅलियम टेस्टवरून, म्हणजे हृदयाला रक्त नीट पोचतं का हे फोटो काढून बघायच्या तपासणीवरून, फोनवर तू चिडलास, "गुडघ्याच्या माणसाला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलंच कशाला? इंजेक्शनवर भागत होतं की!" घरात माणसं होती, नीट बोलता आलं नाही. उपकेंद्रात तीस वर्षं नर्स होते मी. संभाजीनगरला सगळं विचारून घेतलं, मगच बाबांना आत जाऊ दिलं.

त्यांना पळवलं नाही रे. हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावायचं काम ॲडिनोसिन या औषधानंच केलं, सहा मिनिटं शिरेतून. पट्टा सपाट होता आणि चाल देवळात निघाल्यासारखी. ते चालणं औषध सोसावं म्हणून. हे औषध साऱ्या अंगाच्या रक्तवाहिन्या सैल करतं. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, मळमळतं, बीपी उतरतं, कधी नाडीही मंदावते. मामाला हेच औषध न चालवता, आडवं झोपवून दिलं होतं तेव्हा कसा घामाघूम झाला होता, आठवतं ना? पाय चालते असले की नाडी वाढते, बीपी सावरून राहतं, हा त्रास बराच कमी होतो. बाबांचे कान तापले, थोडा दम लागला, एवढंच. औषध बंद केल्यावर दोन मिनिटांत पाणी मागितलं. रक्तातलं निम्मं ॲडिनोसिन दहा सेकंदांच्या आत संपतं.

फोटोलाही फायदा होतो. चालताना रक्त पोटाकडं कमी अन् पायांकडं जास्त जातं, म्हणून फोटोसाठी टोचलेलं किरणोत्सारी औषध यकृत-आतड्यात कमी साचतं आणि हृदयाची खालची बाजू स्वच्छ दिसते.

बाबांना खरं जड गेलं ते चोवीस तास चहा सोडणं. पण चहा-कॉफीतलं कॅफिन या औषधाला कामच करू देत नाही. मी घरात पातेलंच चढवलं नाही.

आता तुझ्यावरचं काम. पुण्यात काकूची हीच टेस्ट करायची आहे, पण तिला पेसमेकर आहे. तिला चालवायला सांगू नकोस. पेसमेकर असला किंवा ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक (रक्तवाहिनीतला नव्हे, हृदयातल्या विजेच्या वाटेवरचा) असला, तर नाडी वाढल्यावर नसलेला दोष फोटोत दिसू शकतो. अशांना नुसतं औषधच देतात. आणि तिला थंडीत दम लागतो, तो दमा आहे का हे डॉक्टरांना आधी सांग. दम्याच्या माणसाला ॲडिनोसिन चालत नाही. तिचे जुने ईसीजी देवघराच्या कपाटात आहेत, ते सोबत ने.

तुझी आई